रिव्हर्स लूप टाकल्यापासून मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर शॉर्ट येतोय, तो शोधायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचा एचओ (१:८७ प्रमाणातला) लेआउट, पेको कंपनीचे कोड १०० रूळ, इलेक्ट्रोफ्रॉग पॉइंट (एका मार्गाचे दोन होतात ते सांधे) आणि ३ अँपिअरची डीसीसी सिस्टीम (रुळांतूनच वीज आणि प्रत्येक इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी). वर्षभर सगळं उत्तम चाललं. दिवाळीनंतर एका टोकाला रिव्हर्स लूप (गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट दिशेने परतते तो फेरा) टाकला, त्याला ऑटो-रिव्हर्सर (लूपच्या रुळांची वीज-जोडणी, म्हणजे पोलॅरिटी, आपोआप उलटवणारं उपकरण) जोडला, लूपच्या आत एक सायडिंग (गाडी बाजूला ठेवायचा मार्ग) काढली, आणि तेव्हापासून सिस्टीम ट्रिप होते. कधी रुळावर एकही इंजिन नसताना, कधी फक्त दुपारी, आणि सहा ॲक्सलचं डिझेल इंजिन एका ठरावीक पॉइंटवर गेलं की हमखास. दोन डिकोडर (इंजिनातले हुकूम समजणारे सर्किट) बदलून झाले, सगळे फीडर (रुळाला वीज पोहोचवणाऱ्या छोट्या वायरी) पुन्हा सोल्डर करून झाले, आता लूप उखडून नव्याने टाकावा का?

लूप उखडू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला एक नाही, तीन वेगवेगळे शॉर्ट दिसतात. तिन्ही एकाच बूस्टरला (सिस्टीमच्या रुळांना वीज देणाऱ्या भागाला) पाडतात, म्हणून तुम्हाला ते एकच वाटतात. एक दुरुस्त केला तरी सिस्टीम दुसऱ्यामुळे पडतेच, आणि तुम्ही केलेली बरोबर दुरुस्तीसुद्धा चुकीची ठरवून पुन्हा उलटी करता. म्हणून शॉर्ट कुठे आहे हे शोधायच्या आधी तो कधी येतो हे नीट लिहून काढा. कोणता पॉइंट कोणत्या बाजूला होता, रुळावर काय होतं, किती वाजले होते. नेहमी येणारा शॉर्ट वायरिंगमध्ये असतो. पॉइंट फिरवला की येणारा फ्रॉगच्या (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाच्या) आसपास. गाडी असताना येणारा चाकांत किंवा कापांवर (दोन भागांची वीज वेगळी ठेवायला रुळात पाडलेल्या फटींवर). आणि वेळेनुसार येणारा जवळजवळ नेहमी उष्णतेचा किंवा दमटपणाचा.

सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती. सिस्टीम ट्रिप झाली की पुन्हा पुन्हा रिसेट करून "आता तरी चालतंय का" बघू नका. रुळावर १५ व्होल्ट आणि ३ अँपिअर म्हणजे ४५ वॅट होतात. आपल्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. संपर्क अर्धवट असेल तर ही सगळी उष्णता एका चाकात किंवा पॉइंटच्या पात्यात (मार्ग बदलणाऱ्या सरकत्या रुळात) उतरते. बोगीचं (चाकं बसवलेल्या खालच्या चौकटीचं) प्लास्टिक वितळून चाकं वाकडी झालेली इंजिनं मी पाहिली आहेत, आणि आपल्याकडे तशी बोगी सुटी मिळवणं फार कठीण आहे.

आता पहिला शॉर्ट, इंजिन नसतानाचा. सगळी इंजिनं आणि दिवे असलेले डबे रुळावरून उचला. बूस्टरच्या दोन्ही वायरी आणि रिव्हर्सरचं आउटपुट काढून ठेवा, नाहीतर मीटर त्यांच्या आतलं सर्किट मोजत बसेल. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर घेऊन त्याच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवा. ०.३-०.४ ओहम दिसेल, तो वायरींचा स्वतःचा रोध, वजा धरायचा. नुसत्या बीपवर विश्वास ठेवू नका. बरेच मीटर ३०-४० ओहमलाही वाजतात, आणि विसरून राहिलेलं एखादं इंजिन किंवा बल्बचा डबा तेवढा सहज दाखवतो. खरा शॉर्ट एक-दोन ओहमच्या आत असतो.

मीटर रुळांना (लूपमधल्या पॉइंटसाठी लूपच्याच रुळांना) लावूनच एकेक पॉइंट फिरवा. माझा अंदाज आहे की सायडिंगचा पॉइंट लूपच्या मुख्य मार्गाला असताना आकडा शून्याजवळ येईल आणि सायडिंगकडे वळवला की शॉर्ट निघून जाईल. कारण असं: इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये फ्रॉग धातूचा असतो आणि पाती ज्या बाजूच्या रुळाला टेकलेली असेल त्या बाजूची पोलॅरिटी तो घेतो. फ्रॉगमधून पुढे निघणारे दोन्ही आतले रूळ त्याच्याशी जोडलेले असतात. सायडिंगला तुम्ही वेगळा फीडर दिलात, पण तिच्या आतल्या रुळावर प्लास्टिकचा इन्सुलेटेड जॉइनर (रूळ जोडणारा पण वीज न जाऊ देणारा तुकडा) घातला नाहीत, तर पॉइंट मुख्य मार्गाला असताना फ्रॉग एका पोलॅरिटीचा आणि त्याला जोडलेला सायडिंगचा रूळ दुसऱ्या पोलॅरिटीचा. शॉर्ट ठरलेलाच. फ्रॉगनंतरच्या दोन्ही आतल्या रुळांवर, मुख्य मार्गाच्याही, इन्सुलेटेड जॉइनर हवेत. जॉइनर घातलाय असं नक्की आठवत असलं तरी काढून बघा. दोन रूळ जोरात दाबून बसवले की प्लास्टिकची मधली भिंत चिरते आणि आत रुळाला रूळ टेकतो.

सायडिंगबाबत अजून एक गोष्ट बघा, कारण ती फार फसवी आहे. सायडिंग लूपच्या आत आहे, म्हणजे तिचे फीडर रिव्हर्सरच्या आउटपुटवर हवेत. ते जवळच्या मुख्य बस वायरला (बूस्टरपासून लेआउटखालून जाणाऱ्या, फीडर जोडायच्या जाड वायरीला) जोडले गेले असतील, तर रिव्हर्सर एका स्थितीत असताना सगळं ठीक चालेल आणि त्याने पोलॅरिटी उलटवली की शॉर्ट होईल. बाहेरून बघणाऱ्याला यात कुठलाच नियम दिसत नाही, म्हणून माणूस डिकोडर बदलत सुटतो.

पॉइंट कसेही फिरवले तरी शॉर्ट जात नसेल, तर अर्ध्या-अर्ध्याने वेगळं करत जा. बस वायर मधोमध सोडवा, कोणत्या अर्ध्यात शॉर्ट आहे ते बघा, त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. १६ फीडर असले तरी चार वेळा सोडवून तुम्ही एका फीडरवर येता. एका टोकापासून सगळे फीडर क्रमाने सोडवत जाणं हे दमवणारं काम आहे, आणि दमलेला माणूस लाल वायर काळ्याच्या जागी लावतो.

काहीच सोडवायचं नसेल तर आणखी एक पद्धत आहे, आणि ती माझी सर्वांत आवडती आहे. स्पेअर पार्टच्या दुकानातून ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणि होल्डर आणा. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एलईडी पट्टीचा ॲडॉप्टर घ्या. ॲडॉप्टरच्या एका वायरीत बल्ब सिरीजमध्ये घालून दोन्ही टोकं बस वायरला जिथे बूस्टर लागतो तिथे जोडा. बूस्टर आधीच काढलेला असला पाहिजे, आणि रुळावर एकही डिकोडर नको. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि त्याच्यातून सुमारे पावणेदोन अँपिअर वाहतील. बल्बच प्रवाह अडवतो, त्यामुळे शॉर्ट निवांत चालू ठेवून शोधता येतो. आता मीटर २०० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजवर घ्या आणि लेआउटभर ठिकठिकाणी दोन्ही रुळांमधला व्होल्टेज मोजत चला. प्रवाह तारेतून जाताना थोडा थोडा व्होल्टेज खातो, म्हणून शॉर्टच्या जवळ जाल तसा आकडा उतरत जातो. शॉर्टच्या पलीकडे प्रवाहच नसतो, तिथे आकडा उतरायचा थांबतो आणि तसाच राहतो. उतरणं थांबलं तिथे शॉर्ट.

याचा अंदाजही बांधता येतो. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. जाती आणि येती तार धरून ०.०२४. पावणेदोन अँपिअरला मीटरमागे ४२ मिलिव्होल्ट पडतात. बसच्या सुरुवातीला १२६ मिलिव्होल्ट दिसले, तर शॉर्ट बसवरून तीन मीटरच्या आत आहे. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा फरकसुद्धा साध्या मीटरवर स्पष्ट दिसतो. तुमची बस गोल फिरून स्वतःलाच जोडलेली असेल, तर आधी ती एका जागी सोडवा, नाहीतर प्रवाह दोन्ही वाटांनी जाईल आणि आकडे गोंधळात टाकतील. बल्ब खूप तापतो. प्लायवर, आणि विशेषतः थर्माकोलच्या डोंगराजवळ, ठेवू नका.

दुसरा शॉर्ट दुपारचा. तुम्ही लूपचे काप थंडीत पाडलेत आणि हा त्रास उन्हाळा चढला तसा वाढला, हे तुमच्या वर्णनातलं सर्वांत मोलाचं वाक्य आहे. निकेल सिल्व्हरचा रूळ दर मीटरला दर अंश सेल्सियसला साधारण ०.०१६-०.०१७ मिमी वाढतो. डिसेंबरच्या सकाळची खोली आणि एप्रिलच्या दुपारी गच्चीखाली तापलेली तीच खोली यांत २० अंशांचा फरक सहज पडतो. दोन मीटर सलग सोल्डर केलेला रूळ तेवढ्यात जवळजवळ पाऊण मिलिमीटर लांबतो. प्लाय त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही. उलट कोरड्या हवेत प्लाय आणि खालची लाकडी फ्रेम थोडी आकसतेच. रुळाला जाण्यासाठी एकच जागा उरते, तुमचा काप.

लूपवर याचा परिणाम चक्रावून टाकणारा असतो. लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांवर, असे चार काप हवेत. ते नसते तर बाहेरचा रूळ पूर्ण फिरून त्याच पॉइंटच्या दुसऱ्या बाजूच्या रुळाला मिळाला असता, म्हणजे कायमचा शॉर्ट. आता चारांपैकी एकच काप बंद झाला तर काय होतं? रिव्हर्सर मुख्य मार्गाशी जुळलेल्या स्थितीत असेल तर काहीच होत नाही. त्याने पोलॅरिटी उलटवली की शॉर्ट. मग तो शॉर्ट सोडवायला रिव्हर्सर परत उलटतो आणि सगळं ठीक होतं, पुढची गाडी येईपर्यंत. म्हणून तुम्हाला हा शॉर्ट कधी दुपारी येतो तर कधी येत नाही असा वाटतो.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला चारही कापांत कागदाचा कपटा सरकवून बघा. जिथे तो जात नाही तो काप दोषी. पक्की दुरुस्ती स्वस्त आहे. जुनं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाडीचं असतं आणि हॅक्सॉच्या पात्याने पडलेल्या कापात सहज बसतं. त्याचा तुकडा फेविक्विकने बसवा, सुकला की रुळाच्या आकारात कानशीने घासा, वरचा माथा आणि आतली बाजू बोटाला लागणार नाही इतकी साफ करा. काप आधीच मिटला असेल तर सकाळच्या गारव्यात पुन्हा कापा, पण तुकडा त्याच बैठकीत भरा. आणि सलग लांब सोल्डर केलेल्या रुळात प्रत्येक दोन-तीन पट्ट्यांनंतर एक जॉइनर सोल्डरविना मोकळा ठेवा, अर्थात त्याच्या दोन्ही बाजूंना फीडर देऊन. मग रूळ थोडा थोडा सगळीकडे सरकेल आणि सगळा जोर कापावर येणार नाही.

रिव्हर्सरबद्दल एवढंच की तो बूस्टरच्या आधी जागा झाला पाहिजे. त्याची ट्रिपची मर्यादा बूस्टरच्या ३ अँपिअरइतकीच असेल, तर कधी बूस्टरच आधी पडतो आणि रिव्हर्सरला उलटायची संधीच मिळत नाही. ती मर्यादा दोनच्या आसपास ठेवा. कापांमधलं अंतरही मोजा. ४५७ मिमी त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर २.८७ मीटर होतो, त्यातून पॉइंटजवळचा भाग गेला की अडीच मीटरच्या आसपास उरतात. एलएचबी डबा या स्केलला सुमारे २७ सेमी. इंजिन आणि सहा डबे आत मावतात; दहा डब्यांची गाडी नाही. धातूची चाकं असलेली गाडी एकाच वेळी दोन्ही टोकांचे काप ओलांडत असली, की एका टोकाला बरोबर असलेली पोलॅरिटी दुसऱ्या टोकाला चूक ठरते, आणि जगातला कुठलाही रिव्हर्सर ते सोडवू शकत नाही. मेर्कलिन कंपनीच्या तीन रुळी पद्धतीत दोन्ही बाहेरचे रूळ एकच असतात, म्हणून त्या लोकांना हा प्रश्नच येत नाही. आपण दोन रुळांवर चालतो, आपल्याला काप सांभाळावेच लागतात.

तिसरा शॉर्ट, सहा ॲक्सलच्या इंजिनाचा. इथे तोच बल्ब पुन्हा कामाला येतो, आता ॲडॉप्टरशिवाय. बूस्टरच्या एका आउटपुट वायरीत तो सिरीजमध्ये घाला आणि रिव्हर्सर असलेला भाग तात्पुरता वेगळा ठेवा. (तुमची सिस्टीम २ अँपिअरच्या आतली असती, तर मी मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब सांगितला असता.) आता शॉर्ट झाला की सिस्टीम बंद न पडता बल्ब पेटेल आणि इंजिन जिथल्या तिथे थांबेल. खोलीत अंधार करा, डोळे रुळाच्या पातळीला आणा आणि इंजिन बोटाने केसभर मागेपुढे सरकवा. कोणत्या चाकापाशी ठिणगी पडते किंवा बल्ब लुकलुकतो ते थेट दिसतं.

तुमचे पॉइंट इलेक्ट्रोफ्रॉग आहेत, त्यामुळे मला पहिला संशय पात्यांचा आहे. मूळ रचनेत दोन्ही पाती फ्रॉगच्या पोलॅरिटीच्या असतात, म्हणजे उघडी पाती तिच्या शेजारच्या रुळाच्या विरुद्ध असते. चाकजोडीतलं आतलं अंतर कमी असेल, तर चाकाची पाठ त्या उघड्या पातीला घासते, आणि तेच चाक त्या शेजारच्या रुळावरूनच चाललेलं असतं. तीन ॲक्सलच्या बोगीत मधली चाकं वळणावर आडवी सरकतात, म्हणून चार ॲक्सलचं इंजिन तिथून बिनतक्रार जातं आणि सहाचं अडकतं. एनएमआरएचा (मॉडेल रेल्वेची प्रमाणं ठरवणाऱ्या अमेरिकन संघटनेचा) एचओ गेज हातात घ्या आणि प्रत्येक चाकजोडी मोजा. आतलं अंतर १४.५ मिमीच्या आसपास हवं. कमी भरलं तर चाकं ॲक्सलवर हळूच फिरवत बाहेर ओढा, दोन्ही बाजूंनी सारखी. गेज नसेल तर आधी व्हर्नियर कॅलिपरने मोजा, पण गेज मागवाच. तो पॉइंटच्या फटीही तपासतो.

चाकं बरोबर निघाली तर पाती पुरेशी उघडते का ते पाहा. पॉइंट मोटरची तार अर्धा मिलिमीटर कमी ओढत असली तरी हेच होतं. त्यानेही भागलं नाही, तर पॉइंट उलटा करून पात्या आणि फ्रॉग जोडणाऱ्या खालच्या तारा कापायच्या, प्रत्येक पाती तिच्या शेजारच्या रुळाला जोडायची आणि फ्रॉगला वेगळी वायर देऊन ती पॉइंट मोटरच्या स्विचवरून न्यायची. बसवलेल्या पॉइंटवर हे कटकटीचं काम आहे; ज्या पॉइंटवर शॉर्ट प्रत्यक्ष पाहिला त्याच्यापुरतंच करा. नवीन पॉइंट मात्र बसवण्याआधी टेबलावरच असा करून घ्या, दहा मिनिटं लागतात. खालच्या तारा न कापता नुसता स्विच लावलेला पॉइंट फिरवताना क्षणभर ट्रिप होऊ लागला, तर पाती रुळापासून सुटायच्या आधी स्विच बदलतोय असं समजा आणि स्विच थोडा सरकवा.

ज्यांच्याकडे प्लास्टिक फ्रॉगचे इन्सुलफ्रॉग पॉइंट आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा. तिथे फ्रॉगच्या टोकाशी विरुद्ध पोलॅरिटीचे दोन रूळ अगदी जवळ येतात आणि रुंद चाक दोन्हींवर एकदम बसतं. त्या दोन रुळांच्या टोकांवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. शॉर्ट गेला तर निदान पक्कं झालं. थर झिजतो, पुन्हा लावावा लागतो. पण घरच्या लेआउटवर तेवढं पुरतं.

डबेही सोडू नका. दिवे असलेल्या डब्यांत बऱ्याचदा एक बोगी एका रुळावरून वीज घेते आणि दुसरी दुसऱ्या. साफसफाई करताना एक चाकजोडी उलटी बसली की तो डबा चालता शॉर्ट होतो. ३० सेमीचा सुटा रूळ मीटरला जोडून टेबलावर ठेवा आणि प्रत्येक डबा, प्रत्येक इंजिन त्यावरून ढकलून घ्या. दिव्यांच्या डब्यांत आणि साउंड डिकोडरांत मोठे कपॅसिटर असतील, तर सिस्टीम सुरू होताना ते एकदम प्रवाह ओढतात आणि शॉर्ट नसतानाही बूस्टर पडतो. अर्धे डबे उचलल्यावर नीट सुरू झालं, तर ते हेच.

खडीचंही बघून घ्या. पाण्यात पातळ केलेला फेविकॉल ओला असताना वीज वाहतो, त्यामुळे खडी चिकटवल्यावर पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे एक दिवस तरी, वीज देऊ नका. आपल्याकडे बरेचजण क्रशरवरची बारीक कच चाळून खडी म्हणून वापरतात. दिसायला ती अप्रतिम असते, पण दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं. चिकटवण्याआधी तिच्यातून जोरदार चुंबक फिरवा आणि जे चिकटेल ते फेकून द्या. नाहीतर ते कण इंजिनाच्या मोटरकडे ओढले जातात. रूळ घासायला स्टील वूल तर कधीच वापरू नका, त्याचे तंतू मोटरमध्ये आणि पॉइंटच्या फटींत जाऊन बसतात.

तिन्ही शॉर्ट मिटले की शेवटची चाचणी नाण्याची. बूस्टर आणि रिव्हर्सर पुन्हा जोडा, सिरीजमधला बल्ब काढा, इंजिनं खाली ठेवा. वीज चालू ठेवून पाच रुपयांचं नाणं दोन रुळांवर आडवं ठेवा आणि लगेच उचला. सिस्टीम तत्क्षणी पडली पाहिजे. हे प्रत्येक फूटभर अंतरावर, सायडिंगच्या टोकाला आणि प्रत्येक पॉइंटच्या पुढे-मागे करा. जिथे नाणं ठेवूनही सिस्टीम पडत नाही, तिथे वाटेतला रोध इतका आहे की बूस्टरला शॉर्ट कळतच नाही, आणि खरा शॉर्ट झाला तर ते ४५ वॅट तिथेच जळत राहतील. तिथे फीडर वाढवा. बसला १.५ चौरस मिमी, फीडरला ०.५ चौरस मिमी पण फूटभरापेक्षा लांब नाही, आणि रुळाच्या प्रत्येक पट्टीला स्वतःचा फीडर. नुसत्या जॉइनरवर विसंबलेली पट्टी पहिल्या पावसाळ्यानंतर हिरवट पडू लागते, तेव्हा हीच चाचणी ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा करा.